उपवासाचं तेल: काळ्या समुद्राकाठची चूल आणि वऱ्हाड

जुन्या रशियन घरात वर्षातले जवळपास दोनशे दिवस उपवासाचे असत. दर बुधवार-शुक्रवार, ईस्टरच्या आधीचे सात आठवडे, उन्हाळ्यातले दोन उपवास आणि नाताळापूर्वीचे चाळीस दिवस. आपल्याकडे चातुर्मास पाळणाऱ्या घराला ही संख्या फारशी अवघड वाटायची नाही, पण नियम मात्र नेमके उलटे वाटतील. आपल्या एकादशीला दूध-तूप चालतं, धान्य चालत नाही. त्यांच्या उपवासात धान्य चालतं, भाजी चालते, पण मांस, अंडी, दूध, लोणी, तूप सगळं वर्ज्य. फार कडक दिवशी तेलही नाही. एरवी मात्र वनस्पतीचं तेल चालत असे. म्हणजे वर्षाचा अर्ध्याहून अधिक काळ रशियन बाईला लोण्याशिवाय रांधावं लागे, आणि चवीसाठी तिच्या हाताशी उरे ते फक्त बियांचं तेल.

रशियन जेवण म्हटलं की आपल्यासमोर येतं ते लग्नाच्या बुफेत काकडी-टोमॅटोच्या शेजारी ठेवलेलं पांढरं, गोडसर ‘रशियन सॅलड’. मॉस्कोतल्या ‘एर्मिताज’ हॉटेलात १८६०च्या दशकात ल्युस्येन ऑलिव्हिए या स्वयंपाक्यानं ते पहिल्यांदा केलं, तेव्हा त्यात रानपक्ष्यांचं मांस असे. आज अमरावतीच्या मंगल कार्यालयात मिळतं त्यात बहुधा अननस असतो. त्याच्याबद्दल मला फार लिहायचं नाही. रशियन चुलीचं वऱ्हाडशी असलेलं खरं नातं बुफेत शोधून सापडणार नाही. ते तेलाच्या पिंपात आहे, आणि अकोल्याच्या कृषी विद्यापीठाच्या शेतात आहे.

आपल्या मुलखात येऊन इथल्या खाण्याबद्दल लिहून ठेवणारा पहिला ज्ञात रशियन माणूस म्हणजे त्वेर गावचा व्यापारी अफनासी निकितीन. १४७०च्या आसपास तो चौलच्या बंदरात उतरला, घाट चढून जुन्नरला पोचला आणि पावसाळ्याचे दोन महिने तिथेच अडकला. पुढे तो बीदरला गेला. तेव्हा बहमनी सुलतानाचा कारभार महमूद गावान पाहत होता आणि वऱ्हाड हा त्याच राज्याचा एक सुभा होता. निकितीन वऱ्हाडात आला नाही, पण त्यानं नोंदवलेलं दख्खनचं ताट आपल्या ओळखीचं आहे. इथले हिंदू मांस खात नाहीत, दारू पीत नाहीत, दिवसातून दोनदा जेवतात, उजव्या हातानं जेवतात, भात आणि तुपातली खिचडी खातात, असं तो लिहितो. घोड्यांना हरभरे घालतात आणि साखर-तेल घालून खिचडी शिजवून देतात, हेही त्याला नवल वाटून त्यानं टिपलंय. त्याचे स्वतःचे हाल वेगळेच होते. व्होल्गा नदीवर लुटारूंनी त्याची धर्मपुस्तकं नेली होती. त्यामुळे ईस्टर कधी, उपवास कधी सुरू होतो, काही कळेना. शेवटी त्यानं इथल्या मुसलमानांच्या रोज्यांच्या दिवसांत आपला उपवास धरला आणि महिनाभर भाकरी-पाण्यावर काढला. परक्या मुलखात पंचांग हरवलेला माणूस शेजाऱ्याच्या उपवासाला आपला उपवास जोडून घेतो, ही नोंद मला त्याच्या हिऱ्या-घोड्यांच्या वर्णनांपेक्षा मोलाची वाटते.

निकितीनच्या काळात रशियात सूर्यफूल नव्हतंच. ते मूळचं उत्तर अमेरिकेचं. सोळाव्या शतकात स्पॅनिश जहाजांतून युरोपात आलं आणि पीटर बादशहाच्या काळात, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला, रशियात पोचलं, तेही बागेतलं शोभेचं झाड म्हणून. त्याआधी रशियन उपवासाचं तेल जवसाचं किंवा भांगेच्या बियांचं असे. इथे वऱ्हाडी वाचक थबकेल, कारण जवस आपलं. काळ्या जमिनीत रब्बीला गहू-हरभऱ्याच्या सोबतीनं जवस पेरायचा, तेल्याच्या घाणीवरून तेल आणायचं, उरलेल्या दाण्यांची लाल मिरची आणि लसूण घालून चटणी कुटायची, ही इथली जुनी रीत. म्हणजे सूर्यफूल येण्यापूर्वी मॉस्कोची उपवासाची चूल आणि वऱ्हाडची रोजची चूल एकाच बीच्या तेलावर चालत होती.

हा नुसता योगायोग म्हणून सोडून देता येत नाही, कारण पुढे या दोन जवसांची बाजारात गाठ पडली. इंग्लंडच्या रंग आणि वार्निशच्या कारखान्यांना जवस लागे आणि तो मोठ्या प्रमाणावर रशियातून येई. १८५४ मध्ये क्रिमियाच्या युद्धात इंग्लंड रशियाविरुद्ध उतरलं आणि हा पुरवठा तुटला. इंग्रज व्यापारी हिंदुस्थानी जवसाकडे वळले; युद्ध संपलं तरी ही मागणी टिकली. आदल्याच वर्षी, १८५३ च्या तहानं, निजामाचा वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आला होता. १८६७ मध्ये रेल्वे भुसावळहून अकोला, बडनेरा ओलांडून नागपूरपर्यंत पोचली, तेव्हा मुंबईकडे जाणाऱ्या डब्यांत कापसाच्या गाठींबरोबर गळिताची पोतीही होती. कापसाचा इतिहास आपण सांगतो, अमेरिकेतल्या यादवीमुळे वऱ्हाडी कापसाला आलेले सोन्याचे भाव शाळेत शिकतो. काळ्या समुद्रावरच्या लढाईनं हिंदुस्थानी जवसाचा बाजार मोठा केला, हे मात्र कोणी सांगत नाही.

त्या वेळी रशियात मात्र जवस मागे पडत चालला होता. व्होरोनेझ प्रांतातल्या अलेक्सेयेव्का गावात दानील बोकारेव नावाचा एक भूदास होता, काउंट शेरेमेत्येवच्या मालकीचा. जवसाचं, भांगेचं तेल कसं काढतात ते त्याला ठाऊक होतं. १८२९ मध्ये त्यानं परसातल्या सूर्यफुलाच्या बिया हाताच्या दाबयंत्रात घालून पाहिल्या आणि पिवळंधमक, गोड वासाचं तेल निघालं. १८३३ मध्ये त्याच्या मदतीनं गावातल्या एका व्यापाऱ्यानं घोड्याच्या घाणीवर तेल काढायला सुरुवात केली. पुढच्या तीसेक वर्षांत त्या एका गावात शंभरावर घाण्या उभ्या राहिल्या. सरदाराच्या मालकीचा माणूस, ज्याला स्वतःचं नाव सोडून काही स्वतःचं नव्हतं, त्यानं साऱ्या देशाचं उपवासाचं ताट बदललं. रशियात आजही जुनी माणसं या तेलाला उपवासाचंच तेल म्हणतात.

ताट बदललं म्हणजे नेमकं काय झालं, ते ‘विनेग्रेत’मध्ये दिसतं. हे बिटाचं सॅलड रशियाच्या प्रत्येक घरात होतं आणि वऱ्हाडी स्वयंपाकघरात त्यातलं सगळं मिळतं. चार माणसांसाठी दोन बीट, तीन बटाटे, दोन गाजरं सालीसकट उकडायची. बीट वेगळं उकडायचं, नाहीतर सगळंच लाल होतं. गार झाल्यावर सोलून हरभऱ्याच्या दाण्याहून थोड्या मोठ्या फोडी करायच्या. बिटाच्या फोडींना आधी तेल चोळून ठेवायचं, म्हणजे रंग फार सुटत नाही. मग बटाटे, गाजर, अर्धी वाटी उकडलेले मटार, बारीक कांदा आणि मिठाच्या पाण्यात आंबवलेली काकडी. तीन चमचे तेल, मीठ, मिरपूड, झालं. फोडणी नाही, दही नाही, लिंबूही नाही. आंबटपणा सगळा काकडीचा. ती घरी करणं सोपं आहे: एक लिटर पाण्याला दोन सपाट मोठे चमचे मीठ, त्यात शेपूच्या काड्या, लसणाच्या ठेचलेल्या पाकळ्या आणि कोवळ्या काकड्या बुडवून ठेवायच्या. रशियात याला आठवडा लागतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात दोन-तीन दिवसांतच काकडी आंबते, मग बरणी थंड जागी हलवावी.

शेपूचं नाव घेतलंच आहे तर थोडं थांबतो. महाराष्ट्रात शेपू ही पालेभाजी आहे. मुगाच्या डाळीत घालून कोरडी करतात आणि घरातली निम्मी मुलं नाक मुरडतात. रशियात शेपूला आपल्या सांबाराचा, म्हणजे कोथिंबिरीचा, मान आहे: प्रत्येक रश्श्यावर, प्रत्येक बटाट्यावर, मूठभर, कच्चा. रशियन घरातला सगळ्यात साधा पदार्थ म्हणजे नवे बटाटे उकडून, गरम असतानाच त्यांवर घाणीचं सूर्यफूल तेल, जाडं मीठ, ठेचलेला लसूण आणि बारीक चिरलेला शेपू घालून झाकण ठेवायचं आणि भांडं एकदा जोरात हलवायचं. शेपू न आवडणाऱ्या मुलांना एकदा असा देऊन पाहावा. आपण शेपू शिजवून त्याचा वास कडक करतो. कच्चा शेपू गरम बटाट्यावर पडला की वेगळीच भाजी वाटते.

तसाच चुका. वसंतात बर्फ वितळलं की रशियन शेताच्या बांधावर पहिली हिरवी भाजी उगवते ती चुक्याच्याच कुळातली, चवीला तशीच आंबट. तिचं ‘हिरवं श्ची’ करतात. कांदा तेलात परतून त्यात बटाट्याच्या फोडी आणि पाणी घालायचं, बटाटे शिजले की चिरलेला चुका टाकून दोनच मिनिटं उकळायचं. जास्त उकळला तर रंग काळपट होतो. वर उकडलेलं अर्धं अंडं आणि एक चमचा आंबट साय. तिच्याजागी घट्ट दह्याचा चक्का चांगला चालतो. आपण चुक्यात डाळ, बेसन, शेंगदाणे, गूळ घालून त्याचा आंबटपणा माणसाळवतो. रशियन बाई तो तसाच ठेवते. दोन्ही रीती आपापल्या जागी खऱ्या. पण रोडग्यांच्या जड जेवणाच्या दुसऱ्या दिवशी हे श्ची पोटाला फार बरं वाटतं.

आणि ‘काशा’, म्हणजे भरड धान्य शिजवून केलेलं मऊ-मोकळं अन्न. ते कुट्टूचं, वरीसारख्या धान्याचं, जवाचं असतं. जिच्या घरी ज्वारीच्या कण्या शिजत आल्या आहेत तिला काशा शिकवावी लागत नाही. फरक इतकाच की ती आधी कोरडी भाजून, दुप्पट पाण्यात, ढवळल्याविना शिजवतात आणि उपवासाच्या दिवशी वर सूर्यफुलाच्या तेलात तांबूस तळलेला कांदा घालतात. कण्यांना पाणी जास्त लागतं, तिप्पट तरी घ्यावं.

या तेलाला वऱ्हाडात आणणारी गोष्ट पुढे क्रास्नोदारला घडली. कुबान नदीकाठच्या त्या शहरात वासिली पुस्तोवोइत नावाचा शास्त्रज्ञ १९१२ पासून सूर्यफुलावर काम करत होता. तेव्हाच्या बियांत तेलाचा अंश तिशीच्या आसपास असे. टरफल जाड, गर थोडा. पुस्तोवोइतनं दरवर्षी हजारो फुलांतून थोडी निवडून, त्यांची संतती तपासून, पुन्हा निवडून, अर्ध्या शतकात तेलाचा अंश पन्नास टक्क्यांवर नेला. त्याचा ‘पेरेदोविक’ हा वाण कॅनडा, अमेरिकेपर्यंत गेला. १८८६ मध्ये जन्मलेला हा माणूस १९७२ मध्ये गेला, तोवर त्याच्या बियांनी जगाची शेतं पिवळी केली होती.

हिंदुस्थानात त्या काळी खाद्यतेलाची ओढाताण होती. सगळी भिस्त भुईमुगावर आणि भुईमूग पावसावर. १९६९ मध्ये सोव्हिएत संघाकडून सूर्यफुलाचे तेलाचे वाण मागवले गेले: पेरेदोविक, अर्माविरस्की आणि क्रास्नोदारच्या संस्थेचे आणखी काही. त्याच वर्षी २० ऑक्टोबरला अकोल्यात कृषी विद्यापीठ स्थापन झालं आणि त्याला नाव मिळालं ते अमरावती जिल्ह्यातल्या पापळच्या डॉ. पंजाबराव देशमुखांचं. १९७२ मध्ये, महाराष्ट्र दुष्काळानं होरपळत असताना, देशात सूर्यफुलाची व्यापारी लागवड सुरू झाली. हे पीक नव्वद दिवसांत येतं, खरीप-रब्बी-उन्हाळी कधीही पेरता येतं, कमी पाण्यावर तग धरतं. दुष्काळानं पोळलेल्या शेतकऱ्याला याहून अधिक काय हवं होतं?

पण बीज आलं तरी त्याच्याबरोबर त्याच्या मधमाश्या आल्या नव्हत्या. रशियन वाणांना आपल्याच फुलाचा पराग सहसा धरत नाही. दुसऱ्या झाडाचा पराग माशीनं आणावा लागतो. इथे माश्या कमी, शेतं सुटी-सुटी. फूल ताटाएवढं दिसे आणि मधले दाणे पोचट निघत. त्यावर शेतीखात्यानं सांगितलेला उपाय शेतकऱ्यांच्या पक्का लक्षात आहे: हाताला मऊ कापड गुंडाळायचं आणि सकाळी, फुलं उमललेली असताना, एका फुलावरून दुसऱ्या फुलावर हळूच फिरवत जायचं. एकरभर शेतात हे काम दिवसाआड करणं म्हणजे काय कष्ट, हे करणाऱ्यालाच ठाऊक. आणि ते बहुतेक बायांच्या वाट्याला आलं. पुढे १९८० मध्ये बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठानं देशातला पहिला संकरित वाण दिला आणि दाणे भरू लागले. १९८४ मध्ये मराठवाड्यात केवडा रोग दिसला, तेव्हा रोगाला दाद न देणाऱ्या वाणांची शोधाशोध झाली. अकोल्याच्या केंद्रातून पीकेव्हीएसएच-२७ आणि नंतर पीडीकेव्हीएसएच-९५२ हे संकरित वाण निघाले. कुबानच्या काठी सुरू झालेल्या कामाचा धागा आपल्या विद्यापीठापर्यंत असा येतो, आणि वऱ्हाडी माणसाला त्याचा अभिमान वाटावा अशी ही गोष्ट आहे.

१९९३-९४ मध्ये देशात सूर्यफुलाखाली २६ लाख हेक्टरांहून अधिक जमीन होती. आज ती अडीच लाखांच्या आसपास आहे. तीस वर्षांत नव्वद टक्के पीक गेलं. १९९४-९५ पासून खाद्यतेलाची आयात खुली झाली, पामतेल स्वस्त येऊ लागलं, भाव पडले. वऱ्हाडात सोयाबीननं शेत धरलं. त्याला माश्याही लागत नाहीत आणि पाखरंही फारशी खात नाहीत. सूर्यफुलाचं पाखरांशी असलेलं वैर मोठं आहे. शंभर शेतं फुललेली असतील तर राघू थोडं-थोडं सगळ्यांचं खातात. एकच शेत असेल तर आठवड्यात फस्त करतात. त्यामुळे पीक जसं कमी झालं तसं ते घेणं अधिकच कठीण झालं, आणि शेवटचा शेतकरीही थकला.

तेल मात्र स्वयंपाकघरातून गेलं नाही. उलट नव्वदीत पाकिटबंद सूर्यफूल तेल हृदयाला चांगलं म्हणून घराघरांत शिरलं. ते शुद्ध केलेलं, बिनवासाचं, पाण्यासारखं. ज्या तेलावर विनेग्रेत आणि शेपूचे बटाटे उभे राहतात त्यात भाजलेल्या बियांचा वास असतो. पाकिटातल्या तेलात तो नसतो. लाकडी घाणीचं सूर्यफूल तेल आता अमरावती-अकोल्यातही मागितलं तर मिळतं, पण बहुतेक वेळा बी बाहेरून आलेलं असतं. तळणीला ते वापरू नये, धुरकटतं. वरून घालायला, चटणीत, सॅलडात ते सोन्यासारखं.

२४ फेब्रुवारी २०२२ ला रशियानं युक्रेनवर हल्ला केला, तेव्हा भारतात येणाऱ्या सूर्यफूल तेलापैकी सुमारे नव्वद टक्के तेल या दोन देशांतून येत होतं, त्यातही मोठा वाटा युक्रेनचा. काळ्या समुद्राची बंदरं बंद पडली आणि मार्च महिन्यात आपल्या किराणा दुकानात तेलाचे डबे मोजून मिळू लागले. मे मध्ये सरकारनं दोन वर्षांसाठी दरवर्षी वीस लाख टन सूर्यफूल तेल करमुक्त आणायला परवानगी दिली. भाव उतरले; शेतकऱ्याला मिळणारा भावही त्यात वर येऊ शकला नाही. १८५४ मध्ये त्याच समुद्रावरच्या युद्धानं हिंदुस्थानी जवसाला बाजार मिळवून दिला होता. या वेळी आपल्याकडे विकायला पीकच नव्हतं, आपण फक्त गिऱ्हाईक होतो. मला याची खंत वाटते, आणि ती लपवावीशी वाटत नाही.

२०२४-२५ च्या खरिपासाठी सूर्यफुलाची आधारभूत किंमत क्विंटलला ७२८० रुपये होती, सोयाबीनची ४८९२. कागदावर सूर्यफूल वरचढ आहे. खरेदी केंद्र जवळ नसेल तर कागदाचा उपयोग नाही. वाण विद्यापीठाकडे आहेत. गावातल्या पाच-दहा जणांनी एकाच पट्ट्यात, एकाच आठवड्यात पेरलं तर पाखरांचं नुकसान वाटलं जातं. हेक्टरी मधमाश्यांच्या पाच पेट्या ठेवल्या तर कापडानं फुलं पुसत फिरावं लागत नाही आणि मधही मिळतो. रब्बीत हरभरा निघाल्यावर उन्हाळी पाण्याची सोय असलेल्या शेतात हे सहज जमण्यासारखं आहे.

तोवर अकोल्याच्या मे महिन्यात, पारा पंचेचाळिसाच्या पुढे गेला की ‘अक्रोश्का’ करावी. रशियात ती राय नावाच्या धान्याच्या पावाच्या आंबील-पाण्यात किंवा आंबवलेल्या दुधात करतात. आपलं पातळ ताक तिला तंतोतंत लागू पडतं. दोन काकड्या, एक उकडलेला बटाटा, चार-पाच मुळ्याचे काप, कांद्याची पात, एक उकडलेलं अंडं, मूठभर शेपू, सगळं बारीक चिरून थंडगार ताकात घालायचं, मीठ आणि किंचित मोहरीची पूड. अंडं नको असेल तर भिजवून उकडलेले हरभरे घालावेत. वर घाणीच्या सूर्यफूल तेलाचे दोन थेंब, आणि बाजूला ज्वारीची भाकर.